चाकाला घासणारी माळ

अठरा ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळचे पाच. गाडीवरच्या वाळलेल्या माळा काढायच्या, पुढे बांधलेले केळीचे खुंट सोडवायचे आणि गाडी धुऊन ठेवायची, एवढं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझी मुलगी तीन मैत्रिणींना घेऊन त्याच गाडीनं मडिकेरीला निघणार होती. चौघी, चौघींच्या बॅगा, आणि शेवटचा पाऊण तास घाटाचा रस्ता.

माळा आठ दिवस गाडीवर राहिल्या, कारण सासरची रीत तशी आहे. मी मूळची सांगलीची. आमच्याकडे खंडेनवमीला विळी, कोयता, पाटा, फार तर वडिलांची सायकल पुजली जायची आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कामाला लागायचं. नवऱ्याचं घराणं म्हैसूरच्या जुन्या मराठी फौजेतलं. त्यांच्याकडे तलवारी कधीच गेल्या, पण शस्त्रांचा मान गाडीला आला. आयुधपूजेला गाडीवर चढवलेली माळ पुढच्या शुक्रवारपर्यंत हात लावून तोडायची नाही. आपोआप गळून पडली तर पडू दे. त्या आठ दिवसांत शहरभर गाड्या वाळक्या झेंडूसकट फिरतात. कुठे दोरा लोंबतो, कुठे केळीचं पान दाराला खरखरतं. त्या आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नाही, आणि हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

गाडी सात वर्षांची, छोटी, चौदा इंची लोखंडी रिमवर चालणारी. मुलीला हिनकलच्या पुढे हुणसूर रस्त्यावर नोकरी लागली, तेव्हा नवऱ्यानं जाहीर केलं की ही गाडी आता तिची. नवी घेणं जमणार नव्हतं. मग निदान चाकं तरी नवी, असं बापलेकीचं ठरलं. तिच्या फोनवर एक फोटो होता: काळ्या अलॉय रिम, पाच जाड काड्या, पातळ टायर. आयुधपूजेच्या दोन दिवस आधी नवरा गाडी घेऊन गेला आणि संध्याकाळी नव्या चाकांवर परत आला.

"चौदाची सतरा केली," तो म्हणाला. गाडीला बढती मिळाल्यासारखा त्याचा चेहरा होता.

मी कारखान्यात तपासणी विभागात आहे. पंपाचे सुटे भाग येतात, मी मापं घेते, बसणारे पुढे पाठवते, न बसणारे परत. बावीस वर्षं हेच. त्यामुळे मी पहिलं विचारलं की रिम मोठी झाली तेवढा टायर बारीक झाला का? म्हणजे बाहेरून चाकाची उंची पूर्वीइतकीच राहिली का? त्याला ठाऊक नव्हतं. खोदून विचारल्यावर कळलं की सणाची गर्दी होती, सांगितलेल्या मापाचे टायर संपले होते, दुकानदारानं त्याच्या वरचं माप बसवलं. पुढची चाकं पूर्ण वळवली की आतल्या प्लास्टिकला लागत होती, म्हणून त्यानं ते प्लास्टिक थोडं कापून टाकलं. सगळे बसवतात, असं तो म्हणाला होता.

जुनी चाकं दुकानदारानंच ठेवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मी रिक्षा करून गेले आणि चारही परत आणली, नटांसकट. नट मी बिस्किटांच्या डब्यात घातले आणि डबा जिन्याखाली चाकांवर ठेवला. त्याच संध्याकाळी पेट्रोलची टाकीही काठोकाठ भरून घेतली. नव्या चाकांवर गाडी किती पळते ते मला पाहायचं होतं. नवरा म्हणाला, या घरात काही टाकून द्यायचं असेल तर आधी तुझी परवानगी काढावी लागते. लागते, मी म्हटलं.

आयुधपूजेच्या सकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या धुतल्या गेल्या. आमच्याही गाडीला माळा चढल्या, समोर केळीचे दोन खुंट, काचेवर गंधाचे तीन पट्टे. घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली: सुरी, कात्री, करवत, पाना, माझी मोजपट्टी. प्रत्येकाला कुंकवाचा ठिपका. मग चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि मुलीनं गाडी पुढे घेतली. तीन लिंबं चिरडली. मागच्या डाव्या चाकाखालचं मात्र टायरच्या कडेनं बाहेर उडालं आणि गटारापाशी जाऊन थांबलं, अख्खंच्या अख्खं. सासूबाईंनी ते उचललं, पदरानं पुसलं आणि परत चाकाखाली ठेवायला लावलं. दुसऱ्यांदा फुटलं. मी लिंबांना मानत नाही. टायर जुन्यापेक्षा रुंद होता, कडेचा उतार वेगळा होता, लिंबू सटकलं. त्या दिवशी मी स्वतःला हे असंच समजावलं आणि कोहळा फोडायला बाहेर गेले.

कुंकू भरलेले कोहळे इथे रस्त्यावरच फोडतात. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडापासून मोठ्या रस्त्यापर्यंत लाल गर पसरलेला होता. दोन स्कूटरवाले त्यावर घसरले, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्यातल्या एकाला उठायला वेळ लागला.

रविवारी आम्ही टी. नरसीपूरला गेलो. तिथे माझी नणंद राहते. जाताना चौघं होतो, परतताना तीही आमच्याबरोबर आली, म्हणजे पाच. हा रस्ता मी इतक्या वेळा केला आहे की आमच्या फाटकापासून तिच्या फाटकापर्यंत तेहतीस किलोमीटर, हे मला गाडीच्या आकड्याकडे न बघता सांगता येतं. त्या दिवशी तिच्या दारात पोचलो तेव्हा आकडा एकतीसवर होता. मी दोनदा वाचला. रस्ता तोच, वळणं तीच, दोन किलोमीटर कुठे गेले ते कळेना.

येताना आणखी एक झालं. मुलगी गाडी चालवत होती आणि फोनवर नकाशा लावलेला होता. पूर्वी गाडीचा काटा ऐंशीवर असला की फोन सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर दाखवायचा. गाडीचा काटा नेहमी थोडी बढाई मारतो, हे आम्हांला माहीत होतं. त्या दिवशी काटा ऐंशीवर आणि फोन ब्याऐंशी सांगत होता. मुलगी हसून म्हणाली, "आई, गाडी जोरात पळतेय आणि तिलाच माहीत नाही."

मला हसू आलं नाही. मागच्या सीटवर सासूबाई प्रत्येक हंपला, म्हणजे स्पीडब्रेकरला, पाठीला हात लावत होत्या. पाठीत कुणी दगड मारतंय असं वाटतं, म्हणाल्या. आणि मोठा हंप आला की मागून, डावीकडून, आवाज यायचा. खर्र. अर्धा क्षण, बस. गाडी वर उचलली की बंद.

"माळ घासतेय," नवरा म्हणाला.

मागच्या दारापासून डिकीपर्यंत माळ बांधलेलीच होती. मी काच खाली करून पाहिलं, दोरा वाऱ्यावर हलत होता. "माळच आहे," मी म्हटलं. हे वाक्य माझं आहे, ते दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही.

तरी मंगळवारी नवरा गाडी हिनकलच्या एका गॅरेजात दाखवून आला. तिथला माणूस एकटाच गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर फेरी मारून आला, आणि काही आवाज नाही म्हणाला. मग वाकून त्यानं मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीत हात घातला आणि वीतभर दोरा ओढून काढला. त्याला झेंडूच्या तीन पाकळ्या चिकटलेल्या होत्या. नवऱ्यानं तो दोरा खिशातून घरी आणला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. पुरावा समोर होता. मी तो उचलून कचऱ्यात टाकला आणि पोळ्या लाटायला लागले. गाडी एकट्या माणसानं चालवली होती आणि आम्ही पाच जण होतो, एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही. कारखान्यात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर मी तिला उभं करून ऐकवलं असतं.

गुरुवारी मी पुन्हा टाकी भरली. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी परत काठोकाठ भरायची, मधले किलोमीटर भागिले लिटर. मी सात वर्षं हे करत आले आहे. ही गाडी अठरा देते. गुरुवारी हिशेब पंधरा पॉइंट आठ आला.

पंपाच्या कडेला गाडी लावून मी डिकी उघडली. स्टेपनी अजून जुनीच होती, चौदाची. ती बाहेर काढून नव्या चाकाशेजारी उभी केली आणि मोजपट्टी लावली. नवं चाक जवळजवळ दोन बोटं उंच. आणि रिमपासून जमिनीपर्यंतचं रबर एक बोट कमी. तेहतीसचे एकतीस का झाले ते तिथेच कळलं. चाक मोठं, त्यामुळे एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. पण गाडी चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजत नाही. तिला अजून वाटतंय की आपल्या पायात जुनीच चाकं आहेत. म्हणून आकडा कमी, काटा कमी. तो खोटेपणा वजा केला तरी हिशेब सतराच्या खालीच राहत होता. उरलेली घट खरी होती. जड आणि मोठं चाक प्रत्येक सिग्नलला नव्यानं फिरवायला जोर लागतो, जड रगडा सुरू करताना लागतो तसा. आणि सासूबाईंच्या पाठीला लागणारा दगड म्हणजे ते कमी झालेलं एक बोट रबर. धक्का पोटात घ्यायला तेच असतं.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. नवऱ्याच्या तोंडात एक कन्नड शब्द कायम असतो, सुम्ने, म्हणजे उगाच. "सुम्ने मोजत बसतीस," तो म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली. मुलगी म्हणाली की लिटरमागे दोन किलोमीटर कमी मिळाले तर ती भरेल पेट्रोल, आता तिचा पगार आहे. पेट्रोलबद्दल ती बरोबर होती. पण दोन बोटं उंच चाक त्याच जुन्या कमानीत फिरतंय, मग ती दोन बोटं जागा कुठून आली, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मला शुक्रवारी पडला.

तर शुक्रवार, पाच वाजता. मी माळा काढल्या. पुढची, मागची, आरशांवरची. दोरे कापले, कमानींमध्ये हात घालून अडकलेल्या पाकळ्या काढल्या, पाइप लावून गाडी धुतली. माळा कचऱ्याच्या बादलीत गेल्या. गाडीवर झेंडूची एक पाकळी उरली नाही.

मग सासूबाईंना घेऊन देवराज मोहल्ल्यात गेले. शिंप्याकडून त्यांचे ब्लाउज आणायचे होते आणि तांदूळ घ्यायचा होता. दसऱ्यानंतर आम्ही तांदूळ एकदम घेतो, आमचा, नणंदेचा आणि शेजारच्यांचा. पंचवीस किलोची तीन पोती डिकीत गेली, डाळी आणि गुळाच्या पिशव्या सासूबाईंच्या शेजारी. बाजारातून बाहेर पडताना पहिला हंप लागला.

खर्र.

मी पाय ब्रेकवर ठेवला. मागून सासूबाई म्हणाल्या, "माळ अजून आहे, अलवा?" अलवा म्हणजे, हो ना.

"नाही, आई. माळ नाही."

मी गाडी एका बंद दुकानासमोर लावली आणि उतरले. उजेड मावळत होता, फोनचा दिवा लावला. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीची आतली कड एका जागी चकचकीत दिसत होती. तिथला रंग उडून पत्रा घासून घासून उघडा पडला होता, विळीच्या पात्यासारखा. आत काळी भुकटी जमली होती, मघाशी मी धुतलं होतं त्यानंतरची. टायरला हात लावला, तो गरम होता. पाणी मारून तास झाला होता आणि आम्ही फक्त बाजारापर्यंत आलो होतो. टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते, तिथे बोट फिरवलं तर बोट आत गेलं. चाकाभोवती गोल चरी पडली होती. पेन्सिल ठेवली असती तर बसली असती. चरीच्या तळाशी रबर नव्हतं. करडे धागे होते, काही तुटलेले.

सहा महिन्यांत नाही, वर्षात नाही. नऊ दिवसांत.

मी तिथे उभी राहून आधी एकच गोष्ट मोजली. आज गाडीत मागे एक म्हातारी बाई आणि तीन पोती. उद्या मागे दोन मुली, डिकीत चार बॅगा, आणि हंप नाही तर घाटाची वळणं, एका बाजूला झुकलेली गाडी, काटा सांगतो त्यापेक्षा जास्त वेग. आणि गाडी चालवणारी माझी मुलगी, जिला सांगून ठेवलं आहे की आवाज आला तर घाबरू नको, माळेचा आहे. हे तिला आम्हीच सांगितलं होतं. ती थांबली नसती.

सासूबाईंना मी रिक्षात बसवलं आणि दोन पोती त्यांच्या पायाशी. रिक्षावाला कुरकुरला, त्या त्याच्याशी कन्नडमध्ये भांडल्या आणि निघाल्या. मी हलक्या गाडीनं मागून गेले, वीसच्या वेगानं. तेच हंप. आवाज नाही. एकदाही नाही. हलकी गाडी अगदी शहाण्यासारखी चालत होती, आणि मला तेच जास्त वाईट वाटलं.

घरी मुलगी दिवाणखान्यात बॅग भरत होती आणि नवरा तिला गाडीत हवा किती ठेवायची ते सांगत होता. मी पाहिलं ते सांगितलं. नवरा म्हणाला की हिनकलच्या माणसानं स्वतः दोरा काढून दाखवला होता.

"माळ बादलीत आहे," मी म्हटलं. "आवाज गाडीत आहे."

मुलगी उठून उभी राहिली. तिला राग आला की ती आवाज चढवत नाही, खाली आणते. "आई, आठ दिवस गाडी दारात होती. तुला आजच सापडायचं होतं?"

"आजच. कारण माळ आज निघाली."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मैत्रिणी पहाटे फाटकाशी येणार, खोलीचं बुकिंग झालेलं, टायरचं दुकान दहाशिवाय उघडत नाही. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी चाळीसच्या वर नाही नेणार, परत आल्यावर बघू. सासूबाईंचं तिसरंच. पूजलेली चाकं प्रवासाच्या आदल्या दिवशी उतरवायची नाहीत, त्यांना ते बरं दिसत नव्हतं. लिंबाचं नाव कुणी घेतलं नाही, पण त्या बोलताना दाराबाहेर गटाराकडे बघत होत्या.

मी वाद घातला नाही. वाद घालून टायर शिवला जात नाही. मी तिन्ही पोती परत डिकीत टाकली, नवऱ्याला आणि मुलीला मागे बसवलं, सासूबाईंना पुढे. गल्लीच्या तोंडाशी हंप आहे. मी तिथे गेले, उलटी आले, परत गेले. तीनदा. तिन्ही वेळा खर्र झालं, आणि तिसऱ्यांदा रबर जळल्याचा वास आत आला. मग नवऱ्याला खाली उतरवलं, त्याचं बोट धरलं आणि चरीत घातलं.

त्यानं बोट बाहेर काढून पाहिलं. काळं झालं होतं. मग उकिडवं बसून त्यानं ते पुन्हा चरीत घातलं आणि गोल फिरवलं. मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिनंही वाकून पाहिलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"पाना आण," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मुलगी गेली.

जिन्याखालून जुनी चाकं निघाली, बिस्किटांचा डबा निघाला. नवरा जॅक लावत होता, मुलगी नट काढत होती, मी बसवत होते, आणि प्रत्येक नट समोरासमोरच्या जोडीनं मी स्वतः आवळत होते. मागचं डावं चाक बाहेर आलं तेव्हा त्याच्या खांद्यावरून रबराची एक पट्टी जिभेसारखी लोंबली. मागच्या उजव्याला चरी उथळ होती, पण होती. पुढच्या दोन्हींना आतून, प्लास्टिक कापलं होतं तिथे, ओरखडे होते. नवऱ्यानं ती लोंबणारी पट्टी धरली आणि सोडून दिली.

"हे घाटात..." तो म्हणाला आणि जॅक उचलला.

सासूबाई कुंकवाची डबी घेऊन बाहेर आल्या. जुन्या चाकांना यंदा पूजा मिळाली नव्हती, ती जिन्याखाली पडून होती. त्यांची पूजा केल्याशिवाय पुट्टी निघायची नाही, असं त्यांनी सांगितलं. पुट्टी म्हणजे छोटी, आमची तेवीस वर्षांची. मी म्हटलं, लावा कुंकू, पण हात लवकर चालवा. घरात तीनच लिंबं होती, त्यातली दोन उद्याच्या पोह्यांसाठी. पोहे बिनलिंबाचे होऊ देत, सासूबाई म्हणाल्या. चौथ्या चाकाखाली दोडका ठेवू का, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो सुरी आणायला गेला. मग एक लिंबू कापून दोन चाकांखाली अर्धं अर्धं ठेवलं. मुलीनं गाडी पुढे घेतली. सगळी फुटली. सासूबाई आत गेल्या.

पावणेनऊला काम संपलं. नवी चार चाकं व्हरांड्यात एकावर एक रचली. वरच्या चाकावर पूजेचं गंध अजून होतं. हात पुसता पुसता नवरा म्हणाला की उद्या दहा वाजता दुकान उघडलं की परत देऊन येतो. तो काही कटकट करणार नाही.

"बाहेरून नवीच दिसतात," तो म्हणाला. "चरीकडचा भाग आत करून ठेवेल. दुसऱ्या कुणाला तरी बसवेल."

हे तो वाईट मनानं बोलला नाही. आपलं संकट टळलं की माणूस जसं बोलतो, तसं बोलला. मी ताटं घेतली. जेवताना मुलगी एकदाच बोलली, आता काटा खरं सांगेल ना, म्हणून. पूर्वीइतकं सांगेल, मी म्हटलं, दोन-तीननं बढाई मारेल, ती चालेल. गाडीत बसल्यावर कुठलाही आवाज आला, कुणी काहीही कारण सांगितलं तरी, गाडी थांबवून उतरून हात लावून बघायचं. तिनं मान हलवली. झोप मला नेहमीसारखीच लागली, पण मधे एकदा जाग आली तेव्हा मला ते दुसरं कुणीतरी दिसत होतं. चेहरा नव्हता. छोटी गाडी, सणाला सजवलेली, मागे माणसं भरलेली, बाजूला लोंबणारा झेंडू, आणि पुढे बसलेला कुणी म्हणतोय, माळ आहे.

शनिवारी पहाटे साडेपाचला मुली निघाल्या. चौघी, चार बॅगा, डिकी दाबून बंद केली. गल्लीच्या हंपपर्यंत मी गाडीमागे चालत गेले. गाडी वर गेली, खाली आली. आवाज आला नाही. लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले तोवर मी थांबले, मग परत येऊन डबे केले.

सव्वाआठला नवरा आंघोळीला गेला. मी व्हरांड्यात आले. रचलेल्या चाकांतलं मागचं डावं ओढून बाहेर काढलं, झडपेची पिन काढून हवा सोडली. हवा बराच वेळ जात राहिली. मग करवत आणली. तिच्या मुठीवर आयुधपूजेचा कुंकवाचा ठिपका तसाच होता. चरीत पातं बसवलं आणि बाजू खालपर्यंत कापत नेली. रबर बारीक धुराच्या वासानं कापलं जात होतं. धाग्यांशी आल्यावर पातं अडलं, मी जोर लावला. अर्ध्यावर असताना फोन वाजला. मुलीचा निरोप होता, कुशालनगर सोडलं, चहा घेतला, आवाज नाही. घाट अजून पुढे होता.

मी फोन खिशात ठेवला. पहिला टायर पूर्ण कापून झाला तेव्हा त्याची दोन्ही तोंडं उघडून आतले तुटलेले धागे स्पष्ट दिसत होते. आता हे चाक कुणालाही नवं म्हणून दाखवता आलं नसतं. मागचं उजवं आडवं केलं, त्याची हवा सोडली आणि करवत त्याच्यावर ठेवली.